पितरांच्या ताटातली पानं

घरून निघताना ताटात पानं नव्हती, एवढं अरुणीला नक्की माहीत होतं. तान्ह्या खिमला काखेत धरून, दुसऱ्या हाताने माश्या वारत तिने ते ताट स्वतः पाहिलं होतं. तळाला भात, मीठ, सुकी मासळी. त्यावर तिळाचे गोळे आणि फुलवलेल्या तांदळाच्या वड्या. आणि सगळ्यांवर पांघरलेली 'ला'ची, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोडाची, सोनेरी जाळी. ती सुतासारखी बारीकच करतात, कारण पितरांचं तोंड सुईच्या भोकाएवढं असतं आणि जाडा घास त्यांच्या घशाखाली उतरत नाही. आता विहाराच्या अंगणात, बांबूच्या मांडवावर, ते ताट शेजारच्या घरांच्या ताटांना खेटून बसलं होतं आणि जाळीखालून एक हिरवी कड बाहेर आली होती. लाल शिरेची.

बंदी आलेल्या त्या चघळायच्या पाल्याला घरात नुसतं पान म्हणत. क्रथोम हे त्याचं पुरतं नाव फक्त डॉक्टर घेत आणि पोलीस घेत.

आणि पोलीस इथेच होते. मांडवाला लागून गावप्रमुखाने प्लास्टिकच्या खुर्चीवर नव्या फौजदाराला आणून बसवलं होतं. दूर ईशान्येकडच्या ईसान भागातून बदली होऊन आलेला तरुण माणूस. त्याच्यापुढे कोणी नारळपाणी ठेवलं होतं, ते त्याने अजून तोंडाला लावलं नव्हतं. तो ताटांकडेच बघत होता. दक्षिणेतला हा सण त्याला नवा होता, म्हणून बघत असेल. किंवा दुसऱ्या कशासाठी.

अरुणीने मान वळवून सासूला शोधलं. युपिन पांढऱ्या साडीसारखा शेला खांद्यावरून घेऊन म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत मांडी घालून बसली होती. सकाळीच भंतेंकडून तिने आठ शीलं घेतली होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले. म्हणजे वाटेतच केव्हातरी, गाडीच्या मागच्या फळीवर बसून, आईंनी शेल्याखालून जुडी काढली होती आणि जाळीखाली सरकवली होती. दर वर्षी अशीच सरकवत असणार. या वर्षी फौजदार शेजारी बसला, एवढाच काय तो फरक.

तिने जरूनला कोपराने ढोसलं आणि नजरेने दाखवलं. जरूनचा चेहरा आधी नुसता वैतागलेला होता, मग एकदम पांढरा पडला. बारा गावच्या शाळांतून तात्पुरता मास्तर म्हणून फिरून झाल्यावर त्याची कायमची नेमणूक आता कुठे वरून निघणार होती. नेमणुकीआधी पोलिसांकडून चारित्र्य तपासून घेतात. आणि ओढ्याकाठी, केळींच्या आड, जुन्या तोडलेल्या खोडातून फुटून आलेलं ते झाड ज्या बागेत होतं, ती बाग थोरला भाऊ थवी गेल्यापासून जरूनच्या नावावर होती.

"काढ ते," तो ओठ न हलवता म्हणाला. "जप सुरू व्हायच्या आत काढ."

"मी?"

"तुझ्याजवळ पिशवी आहे. बाळाचं काहीतरी घेतेस असं दाखव."

अरुणीला वाटलं, आपण हे करतोय ते चूक आहे. पण का चूक आहे ते शोधायला वेळ नव्हता. फौजदार नारळाकडे वाकला तेवढ्यात ती पुढे झाली, जाळी उचलली, जुडी ओढली आणि खिमच्या लंगोटांच्या पिशवीत कोंबली. जाळीचा एक पदर तिच्या बोटांत तुटला.

म्हाताऱ्या बायकांच्या रांगेतून एक सुस्कारा निघाला. जप होण्याआधी पितरांच्या ताटातलं काही उचलायचं नसतं. लहान पोरंही ते करत नाहीत. लमायने, जरूनच्या थोरल्या बहिणीने, दुरून तिच्याकडे असं पाहिलं की अरुणीला वाटलं, या बाईने गेल्या वर्षी वाटणीच्या दिवशीसुद्धा आपल्याकडे असं पाहिलं नव्हतं. आणि तिने वळून बघितलं तेव्हा फौजदारही पाहत होता. ताटाकडे नाही. पिशवीकडे.

*

युपिनने डोळे मिटले होते, पण तिला सुस्कारा ऐकू आला. तिने एक डोळा किलकिला केला. ताटाच्या त्या कोपऱ्यात जाळी खचली होती. तिला कळलं.

तिला राग आला नाही. भीती वाटली, तीही पोलिसांची नाही. पितरांना वर्षातून हेच थोडे दिवस सोडतात. ते येतात, आपल्या घरचं ताट ओळखतात, आणि ज्याच्या आवडीचं त्यात नसतं तो रिकाम्या पोटी परत जातो, जाताना शिव्या देतो. थवी शिव्या देणारा नव्हता. तो नुसता बघत राहील, आणि तेच वाईट.

थवी तिचा मोठा मुलगा. बापासारखाच पहाटे रबराचा चीक काढायला जायचा, गालात पान धरून. पानाने हात थकत नाहीत, डोळ्यांवर झोप येत नाही, आणि तिच्या लग्नात तर बघायला आलेल्या मंडळींना तिच्या आईने हेच विचारलं होतं, मुलगा पान खातो ना? पान खाणारा जावई म्हणजे कष्टाचा जावई. मग छाप्यांचं वर्ष आलं. शासनाच्या माणसांनी ओढ्याच्या पलीकडच्या साऱ्या बागांतली झाडं पाडली. आपल्या घरावर यायच्या आत नवऱ्याने, क्लायने, स्वतःच्या हाताने कुऱ्हाड घातली. झाड लावलं होतं क्लायच्या वडिलांनी, तोडलं क्लायने. पहिल्या दोन महिन्यांत थवीचे सांधे दुखत राहिले. तिसऱ्यात कोणीतरी त्याला जागं ठेवणारी नशेची गोळी दिली. गोळीला झाड लागत नाही, कुठेही लपते. पुढच्या पावसाळ्यात तो मोटारसायकलवरून समोरून येणाऱ्या ट्रकखाली गेला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हा झोपलेला नव्हता, हा पाच दिवस झोपलाच नव्हता.

लमाय बापाशी त्या कुऱ्हाडीवरून आजही भांडते. क्लाय उत्तर देत नाही. खोडातून कोंब फुटला तेव्हा त्याने तो उपटला नाही, एवढंच त्याचं उत्तर.

भंतेंनी पहिली गाथा उचलली. युपिनने हात पुन्हा जोडले. आज तिने खोटं न बोलण्याचं शील घेतलं होतं, हे तिला त्याच क्षणी आठवलं.

*

संगॉप विहाराच्या मुदपाकखान्यात शिरला तो दार ओढून घेतच. क्लायचा धाकटा भाऊ, गावप्रमुखाचा मदतनीस. गोल चेहऱ्याचा, कुणाशी वाईट नसलेला माणूस. आज त्याच्या गळ्यावर घाम होता. बाहेर जप चालू होता, आत भाताच्या मोठाल्या पातेल्यांची वाफ, माशाच्या रश्शाचा उग्र वास आणि चुलीपाशी अरुणी, जरून, लमाय, युपिन. क्लायला कोणी बोलावलंच नव्हतं. तो मांडवाजवळ म्हाताऱ्यांत बसलेला होता आणि त्याला कमी ऐकू येतं, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं होतं.

फौजदाराने पाहिलंय, संगॉप म्हणाला. पण माणूस बरा आहे, देवळात गोंधळ नको म्हणतो. जप संपला की तो विचारणार. एक नाव द्या, पिशवीतली पानं द्या, त्यापलीकडे तो जाणार नाही. बाग बघायला येणार नाही, तसा शब्द दिलाय त्याने.

"शब्द कशावर दिला?" लमायने विचारलं.

"माझ्यावर."

"म्हणजे गावात एकही झाड उरलेलं नाही असं तुम्ही त्याला लिहून दिलंय त्यावर. काका, आम्हाला वाचवताय की स्वतःला, ते आधी सांगा."

संगॉपने गळ्यावरचा घाम पुसला. खरं होतं ते. त्याला वाटलं, या घरातल्या बायकांना शिकवायला नको होतं. मग आठवलं की लमाय चौथीपर्यंतच गेलेली आहे.

तो चुलीकडे बघत बोलू लागला. मागच्या दोन वेळा दादांना, म्हणजे क्लायला, दंडावर सोडलं होतं. तिसऱ्या खेपेला पानं बाळगल्याचा गुन्हा लागला तर न्यायाधीश सोडणार नाहीत, आणि दादांच्या छातीचं काय ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे दादा नकोत.

"मी ठेवली," युपिन म्हणाली. "मी जाते. त्यात काय एवढं."

"वहिनी, तुम्ही गेलात तर साहेब विचारतील, पानं कुठून तोडली. काय सांगाल?"

युपिनने पांढऱ्या शेल्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "विचारलं तर सांगावं लागेल ना. आज शील घेतलंय."

"उद्या सोडाल का शील?" लमाय म्हणाली, "नाही, मी आपलं विचारतेय. साहेबाला म्हणावं, उद्या या." आणि कुणी हसलं नाही तेव्हा ती स्वतःच चुलीत एक लाकूड सरकवायला वाकली. तिचं नाव घ्यायचं असेल तर तेही घेऊ नका, ती वर न बघता म्हणाली; थवीच्या वेळी ठाण्याच्या बाकावर ती एकदा बसली आहे आणि या जन्मात पुन्हा बसणार नाही.

उरला जरून. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांनीच नजर काढून घेतली. त्याची नेमणूक म्हणजे घरातली पहिली सरकारी नोकरी, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, खिमची शाळा. ते बोलायची गरजच नव्हती.

इतक्यात खिम कुरकुरली. अरुणीने तिला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवत ती येरझाऱ्या घालू लागली, आणि चौथ्या-पाचव्या फेरीला तिच्या लक्षात आलं की खोलीतले सगळे आपल्या येरझाऱ्यांकडे बघतायत.

"पाजती बाई आहे," संगॉप हळूच म्हणाला. "अंगावर पितं मूल. अशा बाईला कुठलं कोर्ट आत टाकतंय? बोलणी खाईल, थोडा दंड, संध्याकाळी घरी. आणि खोटंही बोलावं लागणार नाही. पानं तिच्याच पिशवीत आहेत."

अरुणी थांबली. तिने ते शांतपणे समजून घ्यायचा प्रयत्न केला, जसं रुग्णालयाच्या औषधखिडकीवर ती चिठ्ठी वाचून घ्यायची. प्रसूतीची रजा संपल्यावर त्या खिडकीवर तिला परत जायचं होतं. क्रथोम बाळगल्याची नोंद असलेल्या बाईला औषधाच्या कपाटाची किल्ली कोण देईल? लसीकरणाच्या केंद्रात खिमच्या वजनाच्या नोंदीशेजारी परिचारिका काय लिहील? आई पान खाते, दूध पाजते. मग कोणी विचारायला घरी येईल. मग कोणी खिमला तपासायला नेईल. ती हे सगळं क्रमाने बघू शकत होती, पायऱ्या दिसाव्यात तसं.

"ताटावर होती तोवर ती पितरांची होती," ती म्हणाली. आता तिला कळलं होतं की मघाशी काय चुकलं. "कोणाची आहेत म्हणून विचारलं असतं तर सगळ्या गावाने मेलेल्यांचं नाव सांगितलं असतं. मी काढली आणि माझी झाली. मला काढायला कोणी सांगितलं?"

जरून चुलीच्या पलीकडे उभा होता. तो म्हणाला, "अरुणी, तुझी नोकरी अशीही करारावरची आहे."

त्याने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. हिशेब मांडून म्हटलं होतं, घर चालवणारा माणूस मांडतो तसा. लमाय, जी वर्षभर अरुणीला 'मास्तरीणबाई' म्हणून टोचत आली होती, तिने हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि भावाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" जरून म्हणाला. "दुसरा मार्ग असेल तर सांग ना."

अरुणीने बारीक आवाजात सांगितलं, कायद्यात फरक आहे. झाड ठेवलं तर मोठी कैद, पान बाळगलं तर त्याहून लहान, आणि नुसतं खाल्लं असेल तर बहुतेक दंडच. तिने ते वाचलेलं होतं. थवीची गोष्ट ऐकल्यापासून या घरात येऊन तिने आधी काय वाचलं असेल तर तेच. पण संगॉप मान हलवत म्हणाला की पोरी, तुझ्या पिशवीत अख्खी जुडी आहे, ती कोणी खाल्लेली नाही. बाहेर जप वरच्या पट्टीत गेला. म्हणजे आता थोडाच उरला होता.

"ठरलं मग," जरून म्हणाला.

"कोणी ठरवलं?" लमायने विचारलं. पण अरुणी तोवर दाराशी पोहोचली होती, एका खांद्यावर मूल आणि दुसऱ्यावर पिशवी.

*

क्लायला कमी ऐकू येत होतं, पण दिसत चांगलं होतं. सून मुदपाकखान्यातून निघाली ती सरळ मांडवाकडे, भंतेंच्या समोरून, वाकून, पण घाईने. लोक जागा करून देत होते. तिने लंगोटांच्या पिशवीत हात घातला, जुडी बाहेर काढली आणि सगळ्यांदेखत घरच्या ताटावर, फाटलेल्या जाळीवर ठेवली. फौजदार खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. जप चालू होता. जप चालू असताना ताटाला कोणी हात लावत नाही, हे एव्हाना त्यालाही कोणीतरी सांगितलेलं दिसत होतं.

मग ती क्लायशेजारी टेकली. नातीचा गरम पाय त्याच्या दंडाला लागला. सून त्याच्या बऱ्या कानाशी वाकली आणि तिने मोजकंच सांगितलं: फौजदार मला नेणार आहे, जरूनचं त्याला हो आहे. आणि मग, थोडं थांबून, "बाबा, बाळगलं तर कैद आहे. खाल्लं तर दंड."

एवढंच. तिने कर म्हटलं नाही. ती उठून चार पावलं मागे गेली आणि तिथे उभी राहिली, त्याच्याकडे न बघता.

क्लायला हसू आलं. त्याच्या वडिलांच्या वेळी गावात अफूचं सरकारमान्य दुकान होतं, अफूवर कर होता आणि झाडाच्या पानावर नव्हता. लोक अफू सोडून पान खायला लागले तसा पानाचा गुन्हा झाला. वडील सांगायचे, सरकारला आपली नशा नको असते असं नाही, फुकटची नको असते. हे त्याने किती वेळा पोरांना ऐकवलं होतं. थवी तेवढा ऐकायचा. क्लायने कुऱ्हाड घातली तेव्हाही थवी बाजूला उभा होता. बाबा, एक फांदी तरी ठेवा, असं म्हणाला होता. तेव्हाही क्लायने कायद्याचाच विचार केला होता.

जप संपला. भंतेंनी मांडवाभोवती गुंडाळलेलं पांढरं सूत सोडलं, आणि एका क्षणात लूट सुरू झाली. पितरांचं खाऊन झालं, आता उरलेलं ज्याच्या हाती येईल त्याचं. बायका, माणसं, पोरं एकमेकांवर पडत होती, वड्या, नारळ, नाणी, तिळाचे गोळे. 'ला'च्या जाळ्या फाटत होत्या, कोणी कोणाच्या हातातलं ओढत होतं आणि सगळे हसत होते. फक्त एका ताटापाशी गर्दी येऊन थबकत होती आणि बाजूने वाहून जात होती. त्या ताटावरचे गोळे गेले, वड्या गेल्या. पानं तशीच राहिली. त्यांच्यासमोर फौजदार येऊन उभा होता.

"ही कोणाची?" त्याने विचारलं.

क्लाय गुडघ्यावर हात ठेवून उठला. लुटीला उशिरा आलेल्या माणसासारखा तो ताटापाशी गेला, एक पान उचललं, कपड्यावर पुसलं, मधली शीर नखाने धरून देठापासून टोकापर्यंत ओढून काढली, पान दुमडलं आणि गालात ठेवलं.

"माझ्या मुलाची होती," तो चावत म्हणाला. "त्याचं झालं. आता उरलेलं ज्याला मिळेल त्याचं."

"आजोबा, ते खाली ठेवा."

क्लायने दुसरं घेतलं. शीर काढायला तो घाई करत नव्हता. शिरेसकट गिळलं की पोटात गोळा बसतो, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि पोलिसाच्या भीतीने पोट बिघडवून घेणं त्याला बावळटपणाचं वाटत असावं. तिसरं. चौथं. संगॉप कुठूनसा धावत आला आणि दादा, दादा, म्हणत उभाच राहिला. फौजदाराने ताटाकडे हात नेला, तेवढ्यात युपिन पुढे झाली, पांढऱ्या कपड्यातली शीलधारी बाई, आणि ताटाच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकली, नमस्काराला वाकतात तशी. तिला ढकलून ताट उचलायचं म्हणजे अवघड होतं, विहारात, सगळ्या गावासमोर. फौजदाराचा हात हवेत राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. पण तोंडाच्या कडेला काहीतरी दुसरंही हललं.

"कुठून आणली?" त्याने युपिनला विचारलं.

"ताटातून," युपिन म्हणाली. ते खरंच होतं, निदान तिच्या नवऱ्यापुरतं.

"ताटात कोणी ठेवली?"

ती वाकलेलीच राहिली. शीलात न बोलणं बसतं.

क्लायने शेवटचं पान दुमडेपर्यंत गर्दी पांगायची थांबली होती. कोणीतरी त्याला गरम पाण्याचा पेला दिला. तो प्याला, तोंड पुसलं, आणि ताटात उरलेल्या लाल शिरांचा छोटा ढीग फौजदाराकडे सरकवला.

"एवढं राहिलं, साहेब. यावर काही असेल तर लावा."

"लघवीची तपासणी होईल," फौजदार म्हणाला. "गाडीत बसा."

"ती तर आत्ताच होईल," क्लाय म्हणाला. "या वयात तुम्ही बाटली आणेपर्यंत थांबणं कठीण."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. फौजदाराने त्याच्या दंडाला धरलं, जोरात नाही, आणि दोघे फाटकाकडे चालू लागले. फाटकाशी क्लाय थोडा थरथरला. आभाळ भरून आलं होतं आणि पान खाणाऱ्याला ढगाळ हवा सोसत नाही. फौजदाराने गाडीची काच वर केली.

*

जरूनने तिला वडाच्या पारामागे गाठलं. त्याच्या आवाजात सुटका होती आणि तो ती लपवायचा प्रयत्न करत होता. संगॉपकाका सांगतायत, खाल्ल्याचाच गुन्हा लागेल, फार तर दंड. बागेचं नाव निघालं नाही. तुझं नाव निघालं नाही. झाड मी आजच पाडणार आहे, दुपारीच, मुळासकट. सगळं नीट झालं.

अरुणीने खिमच्या डोक्यावरचा घाम पुसला.

"पण तू बाबांना काय सांगितलंस?" त्याने विचारलं. "मी लांबून पाहिलं. तू काहीतरी बोललीस आणि ते उठले."

"कायदा सांगितला."

"त्यांना छातीचा त्रास आहे, अरुणी. एवढी पानं एकदम. तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं," ती म्हणाली. "तुला माझ्याबद्दल वाटलं तेवढं वाटलं."

त्याने खिशातली किल्ली चाचपली. मग म्हणाला की चल, घरी जाऊ, इथे लोक बघतायत. आणि मोटारसायकल काढायला गेला.

ती त्याच्यामागे गेली नाही. मुदपाकखान्याच्या पायऱ्यांवर लमाय बसली होती, पुढ्यात भाताची थाळी आणि वाटीत माशाचा रस्सा. शेजारी युपिन रिकामं ताट मांडीवर घेऊन फाटलेल्या जाळीचे तुकडे वेचून केळीच्या पानात बांधत होती. तिने सुनेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हाताऱ्याला कोणी उठवलं ते तिला कळलं होतं, हे अरुणीला त्या बघण्यावरून समजलं. मग युपिन थोडी सरकली आणि पायरीवर जागा झाली.

"मी त्यांना पुढे केलं, आई," अरुणी उभ्याउभ्याच म्हणाली. "माझ्याऐवजी."

"बस," युपिन म्हणाली. "पोरगी भुकेली आहे."

लमायने थाळी तिच्याकडे ढकलली. "तुझ्या जागी मी असते तर बापाला तोंडाने सांगितलं नसतं, पानं त्याच्या गालात कोंबली असती," ती म्हणाली. "खा. रस्सा कमी घे, तिखट आहे, पोरीला त्रास होईल. आणि पटकन आटप. त्या म्हाताऱ्याची छाती कोणीतरी ठाण्यात बसून ऐकायला हवी, आणि औषधातलं या घरात तुलाच कळतं."

"तुम्ही तर तिथे पुन्हा जाणार नव्हता."

"बाकावर नाही बसणार. उभी राहीन."

फाटकाबाहेर मोटारसायकलचा भोंगा वाजला. अरुणीने खिमला पदराखाली घेतलं, एका हाताने भात कालवला. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांबवून. युपिनने मान वर केली, मग खाली घातली आणि जाळीचा तुकडा पानात ठेवला.

अरुणी जेवत राहिली.